अर्जासोबतचे एक पान

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल नावाचे गाव आहे. गावाच्या उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग दिसते आणि दक्षिणेकडे पूर्णा नदीचे खोरे पसरलेले आहे. जमीन काळी व कसदार आहे. कापूस, तूर, सोयाबीन ही येथील पिके. परंतु पूर्णेच्या खोऱ्याचा बराच भाग खारपाण पट्ट्यात मोडतो. ह्या पट्ट्यातील विहिरींचे पाणी खारट असते. ते पिकांना मानवत नाही आणि पिणाऱ्यांनाही गोड लागत नाही. ह्या भागातील अनेक गावांत मूत्रपिंडाच्या विकाराने पीडलेली माणसे आढळतात.

ह्या गावातील एका शेतकऱ्याच्या घरची ही गोष्ट. ज्येष्ठाचे दिवस होते. मृगाची पहिली सर येऊन गेली होती आणि पेरणीची लगबग सुरू झाली होती. घरातील थोरली मुलगी नुकतीच बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली होती. सारे तिला ताई म्हणत. दूरच्या शहरातील एका महाविद्यालयात विज्ञानाचे शिक्षण घ्यावे, अशी तिची इच्छा होती. प्रवेशाचा अर्ज तिने भरला. नाव, जन्मतारीख, शाळा, गुण असे सर्व रकाने भरून झाले. शेवटी मात्र एका ओळीपाशी ती अडली. तेथे लिहिले होते, 'अर्जदारास आवश्यक वाटल्यास स्वतःचा एका पानाचा परिचय जोडावा.'

"आवश्यक वाटल्यास म्हणजे काय?" धाकट्या भावाने विचारले.

"जोडला तरी चालेल, न जोडला तरी चालेल," ताई म्हणाली. "पण जोडावा की नाही, हेच तर कळत नाही."

दहावीला तिला ८४ टक्के गुण होते. बारावीला ते ६३ वर आले होते. ह्या घसरणीचे कारण अर्जाच्या कोणत्याही रकान्यात मावत नव्हते. त्या दोन वर्षांत तिचे आजोबा मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होते. त्यांना एस. टी. ने शहरातील रुग्णालयात नेणे, औषधे वेळेवर देणे, त्यांनी दिवसभरात किती पाणी घेतले आणि वजन किती भरले, हे वहीत टिपून ठेवणे, ही सारी कामे ताईच करी. माघ महिन्यात आजोबा गेले. ती वही अजून देवळीत होती.

चुलतभावाला अर्जाची गोष्ट कळली तेव्हा तो म्हणाला, "अगं, बायोडाटा जोडलाच पाहिजे! मी नमुना आणून देतो. नेतृत्वगुण, संगणकात प्रावीण्य, वक्तृत्वात पारितोषिक, असे चार शब्द असले म्हणजे पान भरलेले दिसते."

"पण मला वक्तृत्वात पारितोषिक मिळालेले नाही, दादा."

"ते कोण पाहायला येणार आहे?" तो हसून म्हणाला.

बाबांचे मत अगदी उलट होते. ते म्हणाले, "काही जोडू नकोस. गुण आहेत ते आहेत. आपल्या घरची दुखणी परक्यांपुढे मांडून काय मिळवायचे?" एवढे बोलून ते बैलांना वैरण टाकण्यास निघून गेले.

ताईला दोघांचेही म्हणणे पटेना. खोटे लिहावयाचे नव्हते, हे तर निश्चित होते. परंतु खरे तरी लिहावे काय? ते दयेची याचना केल्यासारखे तर होणार नाही? विचार करकरून ती थकली आणि सायंकाळी शाळेतील जुन्या गुरुजींकडे गेली. धाकटा भाऊही मागोमाग निघाला.

गुरुजींनी तिचे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "तुझ्यासारखाच पेच फार वर्षांपूर्वी एका मराठी मुलीपुढे पडला होता. आनंदीबाई जोशी हे नाव तू ऐकले आहेस ना?"

"त्या परदेशी जाऊन डॉक्टर झाल्या," भाऊ चटकन म्हणाला.

"होय. त्यांचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. पण तो दहाच दिवस जगला. बायकांवर उपचार करणारी बाईच डॉक्टर हवी, हे तेव्हा त्यांच्या मनाने घेतले. पती गोपाळराव ह्यांचा त्यांना आग्रहाचा पाठिंबा होता. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये अमेरिकेत पोहोचल्या. फिलाडेल्फिया येथे स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथे प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी २८ जून १८८३ रोजी एक पत्र लिहिले. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे अठरा वर्षांचे."

"त्या पत्रात काय होते, गुरुजी?" ताईने विचारले.

"पहिली गोष्ट अशी की, महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. उणीव झाकली नाही. आपली परिस्थिती इतरांहून वेगळी आहे, म्हणून सवलत मिळावी, अशी विनंती केली. मग आपली बाजू मांडली. प्रकृती चांगली आहे, हे कळविले. आप्तांचा व जातीचा विरोध सोसून ज्या निश्चयाने आपण इतक्या दूर आलो, तोच निश्चय शिक्षण पुरे करण्यासही उपयोगी पडेल, असे लिहिले. आणि हे शिक्षण कशासाठी हवे, तेही स्पष्ट केले. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात; त्यांना मदत करावयाची आहे, असे त्या म्हणाल्या."

"मग प्रवेश मिळाला?"

"मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु प्रकृती ढासळली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती."

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग गुरुजी पुन्हा म्हणाले, "आता तुझ्या अर्जाकडे वळू. असे पान प्रत्येक ठिकाणी जोडावयाचे नसते. आपल्याकडील वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश बहुतांशी सामाईक परीक्षेतील गुणांच्या क्रमाने होतात. तेथे असे पान वाचण्याची सोयच नसते. जेथे 'अन्य कागद जोडू नयेत' अशी सूचना असेल तेथे तर मुळीच जोडू नये. म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे पान कोणी वाचणार आहे काय? अर्जात आधी न आलेले असे काही त्यात आहे काय? आणि जे आहे, ते खरे असून आपल्या शिक्षणाशी निगडित आहे काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल तर जोडावे. नाही तर कोरे सोडावे."

"आजोबांचे आजारपण शिक्षणाशी निगडित आहे काय, गुरुजी?"

"ते तूच सांग. त्या दोन वर्षांत तू काय केलेस?"

ताई विचारात पडली. मग हळूहळू सांगू लागली, "डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वही ठेवली. पुढे पाण्याविषयी कुतूहल वाटू लागले. म्हणून मी गावातल्या विहिरींचे पाणी आणले. प्रत्येक विहिरीचे एक एक पेला पाणी निरनिराळ्या वाटीत घेऊन चुलीवर आटवले. तळाशी पांढरा थर उरला. कोठे पातळ, कोठे जाड. एकदा वैशाखात केले, एकदा दिवाळीच्या सुमारास. दोन्ही वेळचे वहीत लिहून ठेवले आहे."

गुरुजींचे डोळे चमकले. "अगं, विज्ञान शिकू पाहणाऱ्या मुलीने ह्याहून वेगळे काय सांगावयाचे? हे कोणत्या रकान्यात आले आहे?"

"कोणत्याच नाही," ताई म्हणाली.

त्या रात्री कंदिलासारख्या मंद दिव्याखाली बसून ताईने पान लिहिले. गुण का घसरले, ते तिने दोन वाक्यांत सांगितले. त्याहून अधिक नाही. मग वाट्यांचा प्रयोग लिहिला. शेवटी, गावाचे पाणी असे का आहे आणि ते कसे सुधारता येईल, हे शिकण्यासाठी प्रवेश हवा आहे, असे लिहिले. नेतृत्वगुण, प्रावीण्य हे शब्द त्यात कोठेही नव्हते.

तिने पान मोठ्याने वाचून दाखविले. 'मी गावातील पाच विहिरींचे पाणी तपासले,' हे वाक्य येताच धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, वैशाखात देवळामागची विहीर आटली होती. तेव्हा चारच वाट्या होत्या."

ताईने वही काढून पाहिली. खरोखरच वैशाखाच्या पानावर चारच नोंदी होत्या. तिने वाक्य खोडले आणि लिहिले, 'उन्हाळ्यात चार व पावसाळ्यानंतर पाच विहिरी.'

बाबा उंबऱ्याशी बसून ऐकत होते. ते उठले, त्यांनी ते पान हाती घेतले आणि दिव्याजवळ धरून सावकाश वाचले. आजोबांच्या उल्लेखापाशी ते जरा थांबले. मग पान परत देत म्हणाले, "ह्यात दुखणे मांडलेले नाही, काम मांडले आहे. जोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज पाठविला गेला. अर्जाला एकच पान जोडलेले होते.

अभ्यास

१. परिचयाचे पान जोडू नये, असे बाबांना का वाटत होते? पुढे त्यांचे मत का बदलले?

२. आनंदीबाईंनी आपल्या पत्रात कोणकोणत्या गोष्टी मांडल्या?

३. गुरुजींनी सांगितलेले तीन प्रश्न तुमच्या शब्दांत लिहा.

४. 'पाच' हा आकडा दुरुस्त केला नसता तर काय बिघडले असते? चर्चा करा.

५. तुमच्या गुणपत्रिकेत न दिसणारे, परंतु तुम्ही खरोखर केलेले एखादे काम आठ ओळींत लिहा.