लवादाचा निकाल आणि आपलं कोर्ट

प्रश्न : रिओ ऑलिंपिकच्या वेळी उत्तेजकांच्या प्रकरणात नरसिंग यादवला नाडाने, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, निर्दोष ठरवलं होतं. तरी परदेशी लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. असा निकाल आपल्याकडे अमलात कोण आणतं? आपली न्यायालयं त्याला बांधील असतात का?

उत्तर : तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या मल्लाची गोष्ट, त्यामुळे ही शंका अनेकांच्या मनात घर करून आहे. आधी एक गैरसमज काढून टाकू. हा निकाल देणारं स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं क्रीडा लवाद न्यायालय हे कुठल्याही सरकारचं कोर्ट नव्हे. त्याच्याकडे ना पोलीस, ना बेलिफ. नाडाच्या निर्णयाविरुद्ध वाडा ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था तिथे गेली आणि १८ ऑगस्ट २०१६ रोजी बंदी आली. नरसिंगची कुस्ती दुसऱ्याच दिवशी होती. त्याला थांबवायला भारतातल्या कुठल्या कोर्टाचा हुकूम लागलाच नाही. स्पर्धकांच्या यादीतून नाव गेलं, की मॅटवर उतरणार कसं? प्रवेशाची किल्ली महासंघांच्या हाती असते, आणि बहुतेक निर्णय तिच्याच जोरावर पाळले जातात.

कोर्टाची गरज पडते ती मुख्यतः पैशांच्या वसुलीत. १९५८च्या न्यूयॉर्क करारानुसार सदस्य देशांनी एकमेकांकडचे लवादी निवाडे मानायचे असतात. भारतात ती तरतूद १९९६च्या लवाद कायद्यात आहे. निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध असेल, तर मात्र कोर्ट अंमलबजावणी नाकारू शकतं.

‘पण खेळाडूनेच लवाद मान्य असल्याची सही केलेली असते ना?’ असं विचारलं जातं. सही न करणाऱ्याला खेळताच येत नसेल, तर तिला राजीखुशीची सही म्हणणं मला पटत नाही. जर्मनीची स्केटिंगपटू क्लॉडिया पेखश्टाइन याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं लढली. रक्तचाचणीतल्या आकड्यांवरून २००९मध्ये तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि व्हँकुव्हर ऑलिंपिक हुकलं. लवादाने तिची सुनावणी बंद दाराआड घेतली, उघड सुनावणीचा हक्क डावलला, असं मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २०१८मध्ये म्हटलं. २०२२मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तिच्याविरुद्धचा देशांतर्गत निकाल रद्द केला.

ऑगस्ट २०२५मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने बेल्जियमच्या सेरँ फुटबॉल क्लबच्या खटल्यात आणखी स्पष्ट सांगितलं : लोझानचा निवाडा संघाच्या मूलभूत नियमांत बसतो की नाही, हे सदस्य देशांतल्या कोर्टांना तपासता आलंच पाहिजे. हा निकाल भारताला लागू नाही. आपल्याकडच्या खेळाडूला आजही कोर्टाआधी स्पर्धकांची तीच यादी आडवी येते.