डॉक्टरांना व्यसनातून सोडवताना: मावशीचे कानमंत्र

सई बाळा, एमडीचे पेढे पोचले. आता व्यसनमुक्तीचं काम करायचं म्हणतेस, तेही डॉक्टर-नर्स मंडळींचं! माझी उभी हयात यातच गेली, म्हणून मावशीचं थोडं ऐक. तू हट्टी आहेस, पण या कामाला हट्ट लागतोच.

१. कितीही मोठे सर येवोत, आधी केसपेपर काढ — ‘सहज गप्पा मारायला’ मागच्या दाराने आलेल्याची हिस्टरी अर्धीच घेतली जाते.

२. औषध आणि डोस ते सांगतील, लिहायचा मात्र तू ठरवलेलाच — किल्ली हाती असणाऱ्याला कुलूप राखत नाही. जॉन्स हॉपकिन्सचे हॅल्स्टेड केवढे सर्जन, पण कोकेनचे प्रयोग स्वतःवर करताना अडकले आणि पुढे मॉर्फिनही सुटलं नाही.

३. भूलतज्ज्ञ आला तर बाह्या वर करायला सांग, पावलंही बघ — मे महिन्यात मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट उगीच नसतो.

४. ‘कामाला दांड्या मारता का?’ यापेक्षा ‘सुट्टी शेवटची कधी घेतलीत?’ हे विचार — फेंटानिल ओटीत सहज हाताशी असतं, म्हणून असा माणूस दुसऱ्याच्या ड्युट्याही हौसेने मागून घेतो.

५. हॉस्पिटलने सल्ला विचारला, तर उरलेलं अर्धं अँप्यूल दोघांसमोर ओतून दोन सह्या घ्यायला सांग, आणि प्रोपोफोलही कुलपात ठेवायला सांग — ते नार्कोटिकच्या यादीत नाही, म्हणून ट्रॉलीवर उघडं पडलेलं असतं. रजिस्टरात पूर्ण डोस आणि रिकव्हरीत पेशंट कळवळतोय, असं वारंवार दिसलं तर तिथेच चौकशी सुरू व्हावी.

६. लघवीची तपासणी सांगताना संकोचू नकोस — उद्या त्या डॉक्टरकडे कुणी बोट दाखवलं, तर त्याच्या बाजूने बोलणारा तोच कागद असतो.

७. नाव न घेतासुद्धा पेशंटची गोष्ट कॉन्फरन्सच्या जेवणात सांगू नकोस — आपल्या क्षेत्रात दोन खुणांवरून माणूस ओळखला जातो. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा त्याचा हक्कच आहे.

८. पोलिसांच्या धास्तीने गप्प असेल, तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ वकिलाकडून समजून घ्यायला सांग — स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्यात काही अटींवर संरक्षण आहे.

९. ज्या दिवशी तो पकडला जाईल किंवा कबूल करेल, त्या रात्री त्याला एकटं सोडू नकोस — अब्रू गेल्याची भावना ताजी असते, आणि जीव घ्यायचं साधन न् ज्ञान दोन्ही त्याच्या हाताशी. घरच्यांना टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दे.

१०. डिटॉक्सनंतर घरी सोडताना त्याला आणि घरच्यांना स्पष्ट सांग, ‘पूर्वीचा डोस आता जीव घेईल’ — सवय मोडलेल्या शरीराला जुनं माप पेलत नाही, आणि हे त्याने शिकलेलं असलं तरी तलफेपुढे आठवत नाही.

११. पेशंटच्या बायकोला किंवा नवऱ्याला वेगळं बसवून त्यांचं ऐक — घरचा माणूस लपवून लपवून थकलेला असतो. पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, तो बघून ये.

१२. बऱ्या झालेल्या डॉक्टरशी त्याची गाठ घालून दे — ‘तुम्हाला काय कळणार?’ हे त्याला म्हणता येत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ साली सुरू झालं, तेही डॉ. बॉब या सर्जनची अशीच एका दारू सोडलेल्या माणसाशी भेट झाल्यावर.

१३. ओटीत परतायची घाई करू देऊ नकोस, आधी औषधाच्या कपाटापासून लांबचं काम दे, आणि देखरेख वर्षानुवर्षं चालू ठेव — तीच त्यांना तारते. अमेरिकेत अशा देखरेखीखालच्या ९०४ डॉक्टरांचा पाच वर्षांचा अभ्यास २००८ साली छापून आला. त्यातल्या सुमारे ७८ टक्क्यांच्या तपासणीत एकदाही नशा सापडली नाही. निराश होऊन आलेल्याला हा आकडा आवर्जून सांग.

१४. आणि बाई, स्वतःची झोपेची गोळी स्वतः कधी लिहू नकोस — ज्याच्याकडे सगळे जातात, तो कुणाकडेच जात नाही, आणि अनेकांची घसरण तिथूनच सुरू होते. या आठवड्यात स्वतःसाठी एक फॅमिली डॉक्टर ठरव आणि मला नाव कळव. मी विचारणार आहे.

तुझी,
मावशी