आधी कृपा, मग वागणूक

आजचं वचन तीत २:११-१२. पौल सांगतो, तारण देणारी कृपाच आपल्याला अभक्ती सोडून सुभक्तीने जगायला शिकवते. क्रम बघा, आधी कृपा!

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. पण तेव्हा धर्म मिळाला, ख्रिस्त नाही, असं त्यांनीच पुढे लिहिलं. कृपा उमगली ती काही वर्षांनी. मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावला सांभाळल्या.

आपला दुष्काळ वेगळा. मालाडच्या लोकलमध्ये धक्का बसला, ऑफिसात खोटं बोलायची वेळ आली, की मी विचारतो: कृपा आत्ता मला काय शिकवतेय?

प्रभू, फुकट मिळालेली तुझी कृपा आज आमच्या वागण्यात दिसू दे. आमेन.