राऊटरला दोष देण्यापूर्वी

चि. भाचेबुवांस,


उबुंटूचं अपडेट झालं, तेव्हापासून लॅपटॉपचं वाय-फाय मधूनच तुटतंय आणि राजारामपुरीतल्या खोलीवर आता नवा राऊटर घ्यायचं घाटतंय, असं ताईकडून कळलं. राऊटर राहू दे. खोलीतल्या बाकीच्यांचे फोन त्याच वाय-फायवर विनातक्रार चालत असतील, तर त्याच्यावर खर्च करायचं कारण नाही. पावसात फायबर तुटते तो प्रकार वेगळा, तेव्हा सगळ्यांचंच नेट जातं. इथे एकच यंत्र रुसलंय, तेही नेमकं अपडेटनंतर.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पोटातच असतात. नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघतो आणि त्याच्या आतल्या जोडण्या बदलत्या ठेवायच्या, हे कर्नल लिहिणारी मंडळी ठरवूनच करतात. त्यांच्यातल्याच ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तर या धोरणाच्या समर्थनार्थ कर्नलच्या कागदपत्रांत एक खरमरीत टिपण लिहून ठेवलंय. जोडणी बदलणारा माणूस पोटातले ड्रायव्हर स्वतःच नीट करून देतो. बाहेरून आणून बसवलेला ड्रायव्हर मात्र उघडा पडतो. एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती, घेतली म्हणजे काही हलणार नाही, ही समजूतही चुकीची. उबुंटू 22.04 डेस्कटॉप 5.15 या कर्नलवर निघालं आणि नेहमीच्या अपडेटांतूनच 6.8 पर्यंत गेलं. वापरणाऱ्याने फक्त 'इन्स्टॉल'वर बोट ठेवलेलं असतं.

रियलटेकच्या चिपांचं उदाहरण बघ. आरटीएल 8723 बीई ही चिप एचपीच्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत होती. कार्डावर अँटेनाच्या जागा दोन, पण अनेक यंत्रांत अँटेना एकच लावलेला. ड्रायव्हरने रिकाम्या जागेकडे कान लावला की राऊटर शेजारी असूनही सिग्नल मरतुकडा. त्यावर अँटेनाची बाजू सांगणारा 'अँट-सेल' हा पर्याय आला. कर्नलमध्ये तो पोहोचेपर्यंत लोक दुरुस्त ड्रायव्हर गिटहबवरून घेऊन घरीच बांधत होते आणि पुढचं कर्नल अपडेट आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हा ड्रायव्हर तिथे लॅरी फिंगर या अमेरिकन गृहस्थांनी ठेवलेला असे. वर्षानुवर्षं स्वयंसेवक म्हणून त्यांनी रियलटेकचे ड्रायव्हर सांभाळले. जून 2024 मध्ये ते वारले. आपल्याकडच्या किती लॅपटॉपांचं वाय-फाय त्यांच्यामुळे चाललं, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

दुसरी चिप 8821 सीई. हिची तऱ्हा उलटी. आधी तिच्यासाठी बाहेरचाच ड्रायव्हर लागे, 5.9 पासून कर्नलने स्वतःचा दिला. ज्यांनी जुना काढला नाही, त्यांच्या यंत्रात एका कार्डावर दोन दावेदार झाले. म्हणून कार्ड कोणतं आणि त्यावर सध्या कोणता ड्रायव्हर बसलाय, हे 'एलएसपीसीआय'ला आधी विचारावं. फोरमवरची आज्ञा त्यानंतर. दुसऱ्याच्या चिपचं औषध आपल्या चिपला देऊन यंत्र आडवं केलेले वीर कॉलेजात कमी नाहीत.

बाहेरचा ड्रायव्हर असेल तर तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधायचं काम डीकेएमएस करतं. पण त्या कर्नलचे हेडर नसले तर ते हात टेकतं. सिक्युअर बूट चालू असेल तर आणखी एक मेख आहे. ड्रायव्हरच्या सहीची किल्ली यंत्राला ओळखीची करून द्यावी लागते आणि त्यासाठी रीस्टार्टच्या वेळी निळा पडदा येतो. घाईत सगळे तिथे 'कंटिन्यू' दाबतात. निवडायचं असतं 'एनरोल एमओके'. ते राहिलं की ड्रायव्हर डिस्कवर असूनही कर्नल त्याला आत घेत नाही. अशा वेळी वाय-फाय तुटत नाही, दिसतच नाही.

तुझं तुटतंय, म्हणजे ड्रायव्हर चढलेला आहे. मग कर्नलची नोंदवही वाचायची. वाय-फाय गेल्याबरोबर घड्याळ बघ आणि 'जर्नलसीटीएल'मध्ये त्या मिनिटाच्या ओळी शोध. 'डीऑथेंटिकेटिंग' आणि पुढे 'बाय लोकल चॉइस' असेल तर लॅपटॉपने स्वतःच हात सोडलाय. 'डीऑथेंटिकेटेड फ्रॉम' आणि पुढे राऊटरचा पत्ता असेल तर राऊटरने बाहेर काढलंय. इंटेलचं कार्ड असेल आणि 'मायक्रोकोड' शब्दासह एरर दिसली, तर कार्डाचं फर्मवेअर कोसळलंय. एका ओळीत निम्मा निकाल लागतो, तरी माणसं आधी राऊटर झटकतात.

वीजबचतीचा संशयही धरायला हवा. उबुंटूत नेटवर्क मॅनेजरच्या एका छोट्या फाइलमध्ये वाय-फायची वीजबचत चालू ठेवलेली असते, आकडा 3. तो 2 केला की ती बंद होते. काही कार्डांना ही डुलकी सोसत नाही. मात्र एका वेळी एकच बदल कर आणि दिवसभर वापरून बघ. तीन गोष्टी एकदम बदलून वाय-फाय टिकलं, तर कशामुळे टिकलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

ड्रायव्हर उतरवायलाच नेट नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग कर, लिनक्स ते सहसा मुकाट्याने ओळखतं. फोनला कमी लेखू नये. आपल्याच वारणेला 1998 मध्ये 'वायर्ड व्हिलेज' योजना आली, गावोगाव ऊस उत्पादकांसाठी संगणक बसले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी पाहिलं, तर मुख्य वापर उसाच्या माहितीची देवाणघेवाण एवढाच. 7 गावांत त्यांनी संगणकाच्या जागी फोनवरचे एसएमएस लावून पाहिले आणि काम भागलं. प्रोजेक्ट सबमिट करायचा असेल तेव्हा तूही दुरुस्तीच्या नादाला न लागता टेदरिंगवर काम उरक.

आता पहिलं काम. यंत्र चालू होताना ग्रबच्या मेन्यूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा. जुना कर्नल सहसा तिथे शिल्लक असतो. त्यावर चालू कर आणि एक दिवस बाकी कशालाही हात लावू नकोस. वाय-फाय टिकलं तर दोष नव्या कर्नलकडे किंवा त्याच्यासाठी न जुळलेल्या ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर कर्नलच्या पोटातलाच निघाला तर गप्प बसू नकोस. आधी चालणारी गोष्ट नव्या कर्नलने मोडू नये, हा लिनस टॉरवाल्ड्सचा जुना आग्रह आहे, पण मोडलंय हे कुणीतरी कळवावं लागतं. चाललेल्या आणि बिघडलेल्या कर्नलचे क्रमांक, चिपचं नाव आणि नोंदवहीतल्या त्या ओळी उबुंटूच्या तक्रारी नोंदवतात त्या लाँचपॅडवर टाक. एक प्रत मलाही पाठव.

तुझा,
मामा