रक्ताला सांगावा कोण धाडतं?

“ताई, आमच्या ह्यांना बीट, डाळिंब, खजूर सगळं देतोय, तरी रक्त वाढंना.” डायलिसिस चालू असलेल्या घरांतून हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं, मोजदाद नाही. थोरल्या दवाखान्याच्या बाकावर घटकाभर बसलं तरी कानावर पडतं. रक्त खाण्यातून वाढतं, हे अर्धंच खरं.

मटणाची नळी फोडली की आत मऊ गर निघतो. आपल्या हाडांतही तसा गर, म्हणजे अस्थिमज्जा असते. कमरेच्या, छातीच्या, कण्याच्या हाडांत रक्त तयार होतं. तिथल्या एकाच प्रकारच्या मूळपेशीपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तयार होतात. १९६० च्या दशकात कॅनडात टिल आणि मॅककुलक यांनी उंदरांवर प्रयोग करून याचा पुरावा दिला.

मग कुणी काय व्हायचं? त्यासाठी सांगावा येतो. डॉक्टर त्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात. तांबड्या पेशींचा सांगावा एरिथ्रोपोएटिन, तो मुख्यतः किडनी धाडते. प्लेटलेट्सचा थ्रॉम्बोपोएटिन, तो मुख्यतः यकृतातून येतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा जी-सीएसएफ.

हा सांगावा हुकूम असतो का, यावर शास्त्रज्ञ बरीच वर्षं वाद घालत होते. काही म्हणत, पेशी आपली वाट आतूनच ठरवते, सांगावा तिला फक्त जगवतो. आज दिसतं की दोन्ही घडतं. तांबडी वाट धरलेली कोवळी पेशी एरिथ्रोपोएटिन मिळालं नाही तर मरते. पांढऱ्या पेशींची वाट मात्र सांगावा वळवूही शकतो, हे २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एकेका पेशीवर सतत नजर ठेवून दाखवलं.

आता त्या घरातल्या दादांचं बघा. किडनीच थकली, सांगावा जाणार कुठून? म्हणून डायलिसिसला ते इंजेक्शन देतात. ते ‘ताकदीचं’ नाही, चुकवू नका. डाळिंब-खजुरानं उलट पोटॅशियम वाढतं, आणि या रुग्णांत ते हृदय बंद पाडू शकतं. इंजेक्शन घरी ठेवायचं तर फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात नाही. अंगात लोह कमी असेल तर सांगावा पोचतो, पण बांधायला विटा नसतात. म्हणून लोहाची तपासणी मागून घ्या. आणि लवकर बरं वाटावं म्हणून मनानं डोस वाढवायचा नाही. हिमोग्लोबिन फार वर नेलं की रक्तात गुठळ्या होतात, लकवाही मारतो. बीपी दर खेपेला बघायचं.

केमोनंतर जी-सीएसएफ देतात तेव्हा हाडं ठणकतात. बायका घाबरून पुढचं इंजेक्शन टाळतात. मज्जा कामाला लागल्याची ती ठणक असते. डॉक्टरांना सांगून गोळी घ्या. पण केमोच्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळ व्हायची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

एक गोष्ट आपल्या घरांनी खास ध्यानात ठेवायची. विदर्भाकडच्या आपल्या समाजात सिकलसेल बराच आहे, आणि तिकडच्या लेकी-सुना कोल्हापुरातही नांदतात. सिकलसेलच्या रुग्णाला जी-सीएसएफ दिलं तर जिवावरचा झटका येऊ शकतो. असे मृत्यू झालेले आहेत. कॅन्सरचे उपचार असोत की नात्यातल्या कुणासाठी मूळपेशी दान करायच्या असोत, सुई टोचण्याआधी सिकलसेलचं कार्ड डॉक्टरांपुढं ठेवा. कार्ड नसेल आणि माहेरी कुणाला हा आजार असेल, तर आधी रक्त तपासून घ्या.