रात्रपाळी कुणाच्या हाती

तू आता चीफ केमिस्ट झालास. गळिताला महिना उरलाय आणि परवा फोनवर म्हणालास, "काका, माणसं भरपूर आहेत, पण जबाबदारी टाकावी असं कुणी दिसत नाही." हे आज कितीतरी साखर कारखान्यांत ऐकू येतं. जुनी पिढी एकामागोमाग निवृत्त झाली, डिप्लोमा केलेली पोरं डिस्टिलरीकडे नाहीतर पुण्याकडे वळली, आणि निवृत्त माणसालाच कंत्राटावर परत बोलावलं जातंय. पण मला खरं दुखणं दुसरं वाटतं. आपण पोरांना काम देतो, निर्णय देत नाही. वर्षानुवर्षं सांगितलेलं करणारा माणूस एके दिवशी खुर्चीवर बसवला म्हणून ठरवायला कसा लागेल?

तेव्हा निर्णय द्यायला साखरेचा दाणा घडवणाऱ्या पॅनपैकी बी पॅनपासून सुरुवात कर. ए पॅनची साखर पोत्यात जाते, तिथे दाणा बिघडला की बाजारात भाव पडतो. बी पॅनची साखर ए पॅनला सीड, म्हणजे बीजदाणा, म्हणून जाते किंवा विरघळवून पुन्हा वापरात येते. म्हणजे तिथली चूक कारखान्याच्या आतच निस्तरता येते. रात्रपाळीला तो पॅन एका पोराच्या नावावर कर आणि तसं सगळ्यांसमोर सांग.

रात्री दोनच्या सुमाराला तो काचेवर नमुना घेऊन तुझ्याकडे येईल. "साहेब, पाणी देऊ का?" उत्तर तुझ्या ओठांवर असेल, ते देऊ नकोस. "काच दिव्यासमोर धर आणि काय दिसतं ते सांग," एवढंच म्हण. मोठ्या दाण्यांच्या मधे पिठासारखा बारीक दाणा पडलाय, हे त्याच्या तोंडून येऊ दे. हा फॉल्स ग्रेन का पडला, फीड ओढताना हात आखडला की पॅनचं तापमान उतरलं, याचा माग त्यानेच काढायचा. पाणी किती द्यायचं, वाफ कधी वाढवायची, हेही त्यानेच ठरवायचं आणि लॉगबुकात स्वतःच्या सहीने लिहायचं. तू मागे उभा राहा, व्हॉल्व्हला हात लावू नकोस. हे फार अवघड असतं, कारण तुझ्या बोटांना उत्तर आधीच कळलेलं असतं. तरी थांब. पॅनचा तो घाणा, स्ट्राइक, अर्धा तास लांबला तर लांबू दे.

मात्र सगळंच चुकून शिकायचं नसतं. बॉयलर, बंद टाकीत उतरणं, चालू सेंट्रिफ्युगलजवळचं काम, इथे नियम म्हणजे नियम. पोरांना मोकळीक द्यायच्या नादात कुणाचा हात गेला तर आपल्या शिकवण्याला काय अर्थ राहिला?

त्याची चूक झालीच तर सकाळच्या मीटिंगमध्ये कार्यकारी संचालकांसमोर तू उभा राहा. पोराशी बोलायचं ते लॅबचं दार लावून. पण रिकव्हरी चांगली लागली तर आकडे त्यालाच वाचू दे. वरिष्ठांना त्याचा आवाज ओळखीचा झाला पाहिजे, नाहीतर उद्या बढतीची फाइल निघाली की "हा कोण?" असं विचारलं जातं आणि कुणा संचालकाचा नातेवाईक पुढे सरकतो. अशा वेळी तोंडी शिफारस टिकत नाही. कोणत्या पाळीत कोणता प्रसंग कसा हाताळला, हे लेखी असू दे.

माणूस निवडायचा कसा, हेही विचारलंस. पाळी बदलताना बघ. भोंगा झाला की डबा उचलून निघणारे बरेच असतात. एखादा दहा मिनिटं थांबतो, येणाऱ्याला सांगतो की तीन नंबरच्या पॅनचं व्हॅक्यूम मधेच पडतंय, लक्ष ठेव. तो तुझा माणूस. बोलका असेलच असं नाही. हंगामी पॅनमनमध्येही असा माणूस सापडतो. त्याच्याकडे डिप्लोमा नसेल तर तो मिळवायची वाट दाखव. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथे कुणाला पाठवायचं याचा प्रस्ताव ऑफ सीझनची वाट न बघता आत्ताच टाक.

ऑफ सीझनला त्याला प्रोसेसमध्येच ठेवू नकोस. ओव्हरहॉलिंगची यादी आणि खर्चाचा अंदाज त्याला करू दे, मिल हाउसच्या फिटरबरोबर महिनाभर घालवू दे. हंगामात एक-दोन दिवस वजनकाट्यावर आणि शेतकी विभागात बसव. ऊस वाळतोय म्हणून रात्रभर ट्रॅक्टरवर जागणारा शेतकरी ज्याने पाहिला नाही, त्याला मिल बंद पडण्याचा अर्थ फक्त आकड्यांत कळतो.

जबाबदारी सोपवण्याची एक जुनी गोष्ट सांगतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये सुरू झाला, तेव्हा अध्यक्षपदी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं होतं, तरी खुर्ची गाडगीळांकडे होती. पुढे अध्यक्षपदाची सूत्रं विखे पाटलांकडे आली. शाळेत फार शिकायला न मिळालेला शेतकरी कारखाना चालवू शकतो, हे गाडगीळांनी मनापासून मानलं होतं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. इतका मोठा विद्वान, पण जागा धरून बसला नाही.

तूही हंगामाच्या ऐन मध्यावर चार दिवस रजा घे. गावी जा, फोन घरात ठेव. परत आल्यावर आधी लॉगबुक वाच आणि मगच माणसांशी बोल. कुठे निर्णय अडले, कुठे ते तुझी वाट बघत बसले, हे त्या पानांवर दिसेल. तिथेच पुढच्या महिन्यात लक्ष घालायचं.

आणि जबाबदारी वाढवलीस की हुद्दा आणि भत्ताही मागून घे. नुसत्या पाठीवरच्या थापेवर पोरं दोन हंगामांपेक्षा जास्त टिकत नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

मोळीपूजनाआधी बी पॅनवरचा माणूस ठरव. नोटीस बोर्डावर नाव लागायच्या आधी त्याच्या घरी जा आणि त्याच्या आईवडिलांसमोर त्याला सांग.