परवडणारा आरोग्य विमा कसा निवडावा?

प्रश्न : रत्नागिरीतील आंबा बागायतदार पती-पत्नी, दोन मुले आणि ७२ वर्षांची आई यांना कमी खर्चात विमा कसा मिळेल?

उत्तर : पहिला आधार सरकारी योजनांचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कोणत्याही रंगाची शिधापत्रिका चालते. हप्ता न भरता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार संलग्न रुग्णालयांत मिळतात. तेथील आरोग्यमित्र कागदपत्रांसाठी मदत करतो. सत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळते. आईचे कार्ड म्हणूनच आधी काढावे.

यादीबाहेरील उपचारांसाठी खासगी विमा उपयोगी पडतो. पती-पत्नी व मुलांसाठी एकच कौटुंबिक पॉलिसी स्वस्त पडते. त्यात आईचे नाव घातल्यास हप्ता तिच्या वयानुसार ठरून बराच वाढतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीच्या अटी सर्व कंपन्यांत सारख्याच असतात, हप्ता मात्र वेगवेगळा. त्यामुळे तुलना सोपी होते. तिच्यात बिलाचा ५ टक्के वाटा रुग्ण भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक पॉलिसींवरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे.

गंभीर आजारात रुग्णाला अनेकदा कोल्हापूर किंवा मुंबईला न्यावे लागते. तेथील कोणत्या रुग्णालयांत कॅशलेस सोय आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा किती, हे आधी पाहावे. मधुमेह, रक्तदाब लपवू नये. दावा नाकारला जाऊ शकतो. जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. पॉलिसी हाती आल्यावर अटी न पटल्यास ती ३० दिवसांत परत करता येते.